वेळापत्रकात आजोबांची झोप कुठे आहे?

बडोद्याच्या मांजलपूर भागातून एका आजोबांचं पत्र आलं आहे. बँकेतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली. मुलगा आणि सून दोघंही नोकरी करतात, संध्याकाळी साडेसातला परततात. नातू नऊ वर्षांचा, चौथीत. नात सहा वर्षांची, पहिलीत. शाळेची व्हॅन सकाळी साडेसहाला येते आणि दुपारी दोनला मुलांना सोसायटीच्या गेटवर सोडते. तिथून पुढचे साडेपाच तास आजी-आजोबांचे. आजींचे गुडघे दुखतात, म्हणून धावपळ आजोबांकडे.

ते लिहितात: "शाळेत दोघांबद्दल तक्रार नाही. बाई म्हणतात, गुणी मुलं आहेत. पण घरात पाऊल टाकलं की दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे. धाकटी कशावरूनही रडते, मोठा तिला चिडवतो. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणतो आणि तासाभरानं वेफर्सचं पाकीट फोडतो. मी वेळापत्रक केलं. दोनला हातपाय, सव्वादोनला जेवण, पावणेतीनला गृहपाठ, चारला दूध, सव्वाचारला पाढे आणि शुद्धलेखन, पाच ते सहा खेळ, सातला शुभं करोति, नऊला सगळ्यांचं एकत्र जेवण, साडेदहाला झोप. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी नातवानं ते फ्रिजवरून फाडायला हात घातला. आता मोबाइल दिला की घर शांत, काढून घेतला की रणकंदन. दुपारी तासभर पडायची सवय होती, तीही मी मुलांसाठी सोडली. आम्ही सहा भावंडं दांडिया बाजारात दोन खोल्यांत वाढलो. शाळेतून आलो की खाऊन माणिकरावांच्या आखाड्यात, दिवेलागणीला घरात. कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. शाळेत शहाण्यासारखं वागता येतं, मग घरी मुद्दाम करतात का? सून म्हणते, दुपारी ट्यूशनला घालू या. घालावं का? की माझ्याच्यानं आता होत नाही, हे कबूल करावं?"

आजोबा, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यातलं वेळापत्रक तीनदा. त्यात नातवाचे पाढे आहेत, नातीचं दूध आहे, देवही आहे. तुम्ही कुठेच नाही. दुपारची झोप सोडली, हे एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात, मी मात्र त्याच ओळीशी थांबले. त्याकडे येतेच. आधी तुमचा मुख्य प्रश्न घेते, कारण तो पत्रातून तीन ठिकाणी डोकावतो: घरी मुद्दाम करतात का?

नाही. मी सव्वीस वर्षं याच गावात प्राथमिकच्या वर्गांना शिकवलं. सकाळी सात-सव्वासातपासून पहिलीतली पोर काय काय सांभाळते ते रोज पाहिलं आहे. हलायचं नाही, रांग मोडायची नाही, पाणी प्यायलाही विचारून जायचं, शेजारच्यानं खोडरबर पळवलं तरी ओरडायचं नाही. तुमच्या नातवंडांच्या शाळेचं माध्यम तुम्ही लिहिलेलं नाही. पण आपल्याकडची बहुतेक मराठी मुलं वर्गात इंग्रजी, व्हॅनमध्ये गुजराती आणि घरी मराठी बोलतात. भाषा येणं ही श्रीमंतीच आहे, पण दमलेल्या जिवाला ही अदलाबदलही करावी लागतेच. सहा-सात तास मूल स्वतःला धरून ठेवतं आणि घराचं दार दिसलं की सोडून देतं, कारण इथे आपल्याला कुणी टाकणार नाही, ही त्याला खात्री असते. बाई गुणी म्हणतात तीच मुलं घरी येऊन भोकाड पसरतात, यात विसंगती काही नाही.

तुमच्या नोकरीतले मार्चअखेरीचे दिवस आठवा. दिवसभर काउंटरवर गोड बोलून, हिशेब जुळवून रात्री घरी आल्यावर दारातच कुणी विचारलं असतं, "आज काय काय केलंत? उद्याची तयारी झाली का?" तर तुम्ही काय उत्तर दिलं असतं? आधी चहा मागितला असता.

म्हणून दोन ते अडीच हा अर्धा तास मुलांना द्या. त्यात प्रश्न नकोत. डब्यात काय उरलं, बाई काय म्हणाल्या, टेस्टमध्ये किती मिळाले, यातलं एकही नको. गेटवर जाल तेव्हा दप्तर हातात घ्या, "आलात का बाळांनो" एवढं म्हणा आणि चालायला लागा. सांगण्यासारखं काही असेल तर मुलं सांगतात. फक्त ते चार वाजता, आजींबरोबर मटार सोलताना सांगतात, तेही आपण विचारलं नाही तर.

आणि पाण्याची बाटली बघा. मला या गोष्टीची फार चिंता वाटते. कितीतरी मुलांची, विशेषतः मुलींची बाटली निम्मी भरलेलीच परत येते, कारण शाळेचं स्वच्छतागृह नको वाटतं म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. बडोद्याच्या एप्रिलमध्ये, दुपारी दोनला, व्हॅनमध्ये दाटीवाटीनं बसून आलेलं तहानलेलं मूल कशावरूनही रडणारच. जिना चढण्याआधी, तिथेच बाकावर बसवून पाणी द्या. लिंबू-मीठ-साखर घातलेलं असेल तर उत्तम.

नातवाची भूक खोटी नाही आणि "भूक नाही" हेही खोटं नाही. अति दमलं, तापलं की पोट थोडा वेळ मिटतं आणि तासाभरानं एकदम उघडतं. तेव्हा हाताशी वेफर्स असतील तर वेफर्स जातात. आल्याआल्या पूर्ण ताटाचा आग्रह न करता ताक आणि सुखडीचा एक तुकडा, नाहीतर घडी केलेला थेपला हातात द्या. पंधरा-वीस मिनिटांनी मऊ वरणभात. पाकिटं घरात आणायचीच असतील तर ती रविवारी फोडायची ठेवा.

आता झोपेकडे येते. जेवणानंतर पावणेतीनला तुम्ही गृहपाठ ठेवला आहे. विचार चांगला होता, आधी काम मग संध्याकाळ मोकळी. पण भरल्या पोटी, उकाड्यात, पहाटे उठलेल्या मुलाला वही उघडायला लावणं म्हणजे भांडणाला बोलावणं. त्या वेळी तुम्हाला स्वतःलाही डुलकी येत असते. पेंगुळलेले आजोबा आणि पेंगुळलेला नातू भागाकारावरून हुज्जत घालताहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि दोघांचीही कीव आली.

पावणेतीन ते चार घर झोपू द्या. पडदे ओढा, पंखा लावा, जमिनीवर चटया टाका आणि सगळ्यात आधी तुम्ही आडवे व्हा. मुलांनी झोपलंच पाहिजे असं नाही. नियम एवढाच ठेवा की या वेळात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही आणि हातात पुस्तक, रंग किंवा काहीच नसेल तरी चालेल, मोबाइल-टीव्ही मात्र नको. धाकटी बहुधा झोपेल. तिला चारला हलकेच उठवा. पाचनंतर झोपली तर रात्री डोळा लागणार नाही. मोठा पहिले तीन-चार दिवस चुळबुळ करेल. त्याच्याकडे दुर्लक्ष करून तुम्ही डोळे मिटा. दमल्यावर पडायचं असतं हे मूल घरातल्या मोठ्या माणसाकडे बघून शिकतं, आणि तुमच्या घरात गेले कित्येक महिने ते बघायला मिळालेलं नाही. तुमची वामकुक्षी हा या घराचा ऐषाराम आहे असं समजू नका. साडेपाच तास दोन मुलं सांभाळणाऱ्या, साठी उलटलेल्या माणसाला ती हवीच.

या वेळासाठी पुस्तकं हवीत. मांडवीजवळची आपली सेंट्रल लायब्ररी सयाजीरावांनी १९१० साली सुरू केली. तिथे मराठी पुस्तकंही आहेत. नातवाला एकदा घेऊन जा आणि निवड त्याला करू द्या. हिंदीमुळे देवनागरी त्याला ओळखीची असेल. मराठी वाचताना अडखळला तर सुधारत बसू नका, पुढचं पान तुम्ही वाचून दाखवा.

पण आजोबा, दुपारचं वादळ आदल्या रात्री तयार होतं. साडेदहाला झोप, असं तुम्ही सहज लिहिलंत. व्हॅन साडेसहाला येते म्हणजे मुलं पावणेसहाला उठत असणार. हिशेब तुमचाच, करून बघा: सव्वासात तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून नऊ ते बारा तास झोप लागते, असं अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्ये एकमतानं सांगितलं. कमीत कमी नऊ धरले तरी पावणेनऊला मुलं झोपलेली हवीत, आणि तुमच्या घरी नऊला पानं मांडली जातात. रोज पावणेदोन तासांची तूट. पाच दिवसांत किती झाली ते तुम्हाला कागदाशिवाय सांगता येईल. नातीच्या रडण्याचं आणि नातवाच्या चिडवण्याचं बरंचसं उत्तर मला या वजाबाकीत दिसतं.

हे एकट्या तुमच्या हातात नाही. मुलगा-सुनेशी बोलावं लागेल. त्यांना दिवसातून एकदा सगळ्यांनी मिळून जेवावंसं वाटतं आणि त्यात त्यांचं काहीच चुकत नाही. पण तो एकत्र घास साडेसातला, ते आल्याआल्या का नसावा? मुलांना पावणेआठला गरम वाढलं, आईवडिलांनी शेजारी बसून चहा घेतला, तरी ते एकत्रच झालं. मग दप्तर भरणं, दात घासणं, आईच्या कुशीत दहा मिनिटं, आणि पावणेनऊला दिवा बंद. एकदम पावणेदोन तास मागे सरकणार नाही. तीन-चार दिवसांनी पंधरा-पंधरा मिनिटं सरकवा. नवरात्रात गरब्याच्या नऊ रात्री हे सगळं कोलमडेल. कोलमडू द्या, बडोद्यात राहून मुलांना गरब्यापासून कोण लांब ठेवणार? दसऱ्यानंतर पुन्हा सुरू करायचं.

आता तुमच्या लहानपणाबद्दल. कुणाला काही सांगावं लागत नव्हतं, असं तुम्ही म्हणता. मला तुमच्याच ओळीत वेगळं काहीतरी दिसतं. शाळेतून आलात, खाल्लंत, आखाड्यात गेलात, दिवे लागले तसे घरी आलात. यात चार वाजताचं शुद्धलेखन कुठे आहे? तुमची संध्याकाळ घड्याळावर चालत नव्हती. एकामागून एक काय होणार, याचा क्रम पक्का होता आणि त्याच्या मधोमध अंग मोडेपर्यंत मेहनत होती. नातवंडांना तुम्ही मिनिटं दिलीत. तुम्हाला स्वतःला मिळाला होता तो क्रम आणि घाम.

तेच त्यांना द्या. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दमसास लागेल असं खेळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण केव्हा खेळायचं ते आपल्या गावचं ऊन ठरवतं. मेमध्ये चार वाजता बाहेर सोडणं शक्य नाही. तेव्हा चार ते साडेपाच घरातली कामं आणि गृहपाठ, मग साडेसातपर्यंत उजेड असतोच. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारतं, तेव्हा चारला दूध पिऊन थेट खाली आणि गृहपाठ दिवे लागल्यावर. एकच तक्ता बारा महिने चालवायला गेलात तर सहा महिने तुम्ही सूर्याशी भांडत बसाल. आठवड्यातून एकदा कमाटीबागेत न्या. तिथे काही शिकवायचं नाही, नुसतं पळू द्यायचं. नातवाला आखाड्याची गोडी लागते का तेही बघा. मल्लखांब नऊ वर्षांच्या मुलाला छान जमतो, आणि "आजोबा इथे यायचे" हे त्याला तिथेच उभं राहून सांगता येईल.

गृहपाठाबद्दल थोडंसंच. केंद्र सरकारच्या २०२० च्या स्कूल बॅग धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको असं म्हटलं आहे आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. तुमच्या तक्त्यात चौथीतल्या मुलाला रोज दोन तास होतात, पहिलीतल्या मुलीलाही तितकेच. शाळा जास्त देत असेल तर वर्गशिक्षिकेशी बोला. घरचं शुद्धलेखन आणि पाढे मात्र तुम्ही वाढवलेले आहेत. ते काढून टाका. पाढे भाजी आणायला जाता-येता होतात. नातवाला सलग पंचवीस मिनिटं बसवा, तुम्ही शेजारी तुमचं वर्तमानपत्र घेऊन बसा, चुका शेवटी बघा.

मोबाइलनं घर शांत होतं, असं तुम्ही लिहिलं आहे. आवाज थांबतो हे खरं. थकवा मात्र तसाच आत राहतो आणि मोबाइल काढून घेतल्यावर दुप्पट जोरानं बाहेर येतो. रणकंदन त्यासाठीच होतं. पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही, कारण ते तुम्हाला निभवावं लागेल, मला नाही. शाळेतून आल्यावर पहिले दोन तास अजिबात नको. खेळून आल्यावर, हातपाय धुतल्यावर, टीव्हीवर दोघांनी मिळून एक भाग बघायचा. मोठा पडदा, सगळ्यांसमोर. भाग संपला की बंद. "अजून पाच मिनिटं" या वाटाघाटीपेक्षा गोष्ट संपणं मुलाला कळतं. आणि गृहपाठाचं बक्षीस म्हणून तो कधीच देऊ नका.

भावंडांच्या भांडणात न्यायाधीश होऊ नका. दोघांनाही रोज दहा-दहा मिनिटं एकेकटं मोठं माणूस मिळालं तर निम्मी भांडणं आपोआप सुटतात. कोथिंबीर आणायला नातू तुमच्याबरोबर, तेव्हा धाकटी आजींच्या मांडीवर. दुसऱ्या दिवशी उलट.

दिवेलागणीची तुम्हाला हुरहुर वाटते, ती मला पोचली. मुलांना उभं करून म्हणवून घेऊ नका. दिवा तुम्ही लावा आणि "शुभं करोति" तुम्ही आणि आजी म्हणा, रोज, मुलं आली नाहीत तरी. दिवा लागण्याची वेळ ऋतूप्रमाणे सरकते, तरी रोजच्या क्रमातली तिची जागा हलत नाही. नात आधी येईल असा माझा अंदाज आहे. काडी ओढायला कुणाला आवडत नाही? काडी मात्र तुमच्या हातात असू द्या.

आणि एक गोष्ट जरा धीर करून सांगते. साडेसातला मुलगा-सून दारात आले की तुम्ही दिवसभराचा पाढा वाचता, असं पत्रावरून वाटतं. ते दमून आलेले, मुलं धावत गेलेली, आणि पहिली गोष्ट कानावर पडते ती तक्रार. तक्रार खरीच असेल, पण ती मुलं निजल्यावर करा. दारातली ती पाच मिनिटं सगळ्यांना हवी असतात.

ट्यूशनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. अडीच-तीनला, पुन्हा बाकावर, पुन्हा वही, हे या दोघांना नको. त्यांना अभ्यास कमी पडत नाहीये, विसावा कमी पडतो आहे. पण सुनेच्या बोलण्यामागे तुमच्याबद्दलची काळजीही असू शकते, ती ऐका. आठवड्यातून दोन दिवस साडेचार ते सहा पोहणं, आखाडा किंवा चित्रकलेचा वर्ग लावला तर मुलांचंही भागेल आणि तुम्हाला दोन संध्याकाळी आजींबरोबर निवांत चहा मिळेल. तेवढ्यानंही भागत नसेल, तर कबूल करण्यात कमीपणा काही नाही. "पाचही दिवस आम्हाला झेपत नाही, तीन दिवस आमचे, दोन दिवसांची सोय तुम्ही बघा," हे वाक्य मुलाला जेवताना सहज सांगता येतं. आजी-आजोबांनी हे न सांगता कुढत राहिलेली घरं मी पाहिली आहेत. तिथे नातवंडांना आजोबा मिळत नाहीत, पहारेकरी मिळतो.

हे सगळं सांगताना मी धरून चालले आहे की मुलं फक्त दमली आहेत. मूल एकाएकी बदललं, सकाळी व्हॅनची वेळ झाली की रोज पोट दुखू लागलं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, व्हॅनमध्ये किंवा शाळेत कुणाचं नाव काढलं की गप्प होऊ लागलं, तर दिनक्रम बाजूला ठेवा. आधी मुलाजवळ बसा, मग वर्गशिक्षिकेकडे आणि बालरोगतज्ज्ञांकडे जा. कुणी त्रास देतंय अशी शंका आली तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते.

सुरुवात सोमवारी करू नका. शनिवारी करा, मुलगा-सून घरात असतील. फ्रिजवरचं ते वेळापत्रक काढा. नातवानं हात घातला तेव्हा कोपरा फाटला असेल तर तो चिकटवा. मग उलटून कोरी बाजू वर करा आणि नातीला स्केचपेन द्या. पाणी, ताट, चटई, दूध, खेळ, वही, दिवा, ताट, झोप, एवढीच चित्रं, वेळा न लिहिता. मोठ्याला क्रमांक घालू द्या, आणि वही खेळाच्या आधी हवी की नंतर, ते दर ऋतूला त्याला ठरवू द्या. चटईवर आडवं झालेलं माणूस कोण, हे मात्र तिला आधीच सांगून ठेवा. चष्मा काढायला विसरू नको, म्हणावं, आजोबा झोपताना चष्मा काढतात.